पोटाचं वेगळं, गुडघ्याचं वेगळं

आवणीच्या दिवसांत घरात कुणी आजारी पडायचं नसतं. तसं कुणी कुणाला सांगत नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक असतं. म्हणून सोमवारी सकाळी भागीबाई चुलीपुढं पोट धरून बसली, तेव्हा तिच्या सुनेनं, फुलाबाईनं, आधी तव्यावरची भाकरी उलटली आणि मग विचारलं, "आत्याबाई, काय होतंय?"

"काय नाय. वारा धरलाय."

"मग आज घरीच बसा."

"बसते तं! आज कारभाऱ्याची पाळी. गुरवारी आपली. मी नाय गेले तं गुरवारी त्याची म्हातारी येईल व्हय?"

इगतपुरीच्या डोंगरातल्या त्या वाडीत भाताची आवणी सावडीनं व्हायची. आज याच्या खाचरात सगळी वाडी वाकायची, उद्या त्याच्या. ज्या घरातून जितकी माणसं जायची तितकीच त्या घराला परत मिळायची, आणि हा हिशेब कुणी विसरत नसे. भागीबाई पंचाहत्तरीची. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, लुगडं नेसलं तरी काठीवर वाळत घातल्यासारखं दिसायचं. पण चिखलात रोप टोचायला लागली की हात विशीतल्या पोरीचे.

ती निघाली. बांधावरून जाताना उजवा पाय ओढत होती. मांडीच्या आतल्या अंगानं कळ निघून गुडघ्यापर्यंत उतरायची, हे संक्रांतीपासूनचं होतं. चारआठ दिवस दुखायचं, मग आपोआप थांबायचं. वाडीतली अक्काबाई निरगुडीचा पाला शेकून बांधायची आणि थांबलं की श्रेय घ्यायची.

खाचरात उतरल्यावर मात्र गंमत झाली. भागीबाई वाकली आणि तिच्या तोंडावरची सुरकुती सैल झाली. डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता, वरून पावसाची झोड, आणि म्हातारी रोपाची मूठ सोडून भराभरा मागं सरकत निघाली. ओळीतल्या बायका बघत राहिल्या.

"भागीबाय, गुडघा दुखतो म्हणं तुमचा?" कारभाऱ्याची सून ओरडली. "आम्हाला बी असला दुखणारा गुडघा द्या एखादा!"

सगळ्या हसल्या. फुलाही हसली. तिला थोडा रागही आला होता. सकाळी घरात पोट धरून बसायचं आणि लोकांच्या खाचरात वाघीण व्हायचं.

"वाकलं का बरं वाटतंय गं," भागीबाई मान वर न करता म्हणाली. "उभं ऱ्हायलं का कळ येती."

जेवायच्या सुट्टीला सगळ्या बांधावर टेकल्या, तर ही खाचरातच वाकून राहिली. फुलानं भाकरी नेऊन दिली. तिनं तोंडाला लावली नाही. संध्याकाळी घरी येताना वाटेत बसून ओकली. पिवळं पाणी आलं.

"उपाशी पोटी पित्त उसळलं," फुलाचा नवरा मंगळू म्हणाला. तो दिवसभर औतामागं होता, गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा झाला होता. "आये, उद्या तू नको जाऊ." हे म्हणताना उद्या आपल्या घरचं एक माणूस कमी पडणार, हे त्याच्या मनात आलेलं फुलाला दिसलं. आणि त्याला ते आपल्या मनात आलं याची लाज वाटलेलीही दिसली.

मंगळवारी म्हातारी उठलीच नाही. पोटात थांबून थांबून पिळा यायचा. तो आला की गुडघे छातीशी घेऊन ती कुशीवर व्हायची, गेला की डोळे मिटून पडायची. फुला आवणीला निघताना अक्काबाईला सांगून गेली.

दुपारी आली तर अक्काबाईनं भागीबाईच्या बेंबीवर तांब्या लावलेला. पोटावर पिठाचा दिवा पेटवायचा, त्यावर तांब्या पालथा घालायचा, दिवा विझला की तांब्या कातडीला घट्ट चिकटतो आणि ढळलेली बेंबी जागेवर येते, अशी अक्काबाईची विद्या. तिच्या आईची, तिच्या आजीची. तांब्या चिकटलाही होता छान.

"बेंबी ढळली व्हती. चार बोटं," अक्काबाई म्हणाली. "आता येईल जाग्यावर. परसाकडला झालं का?"

भागीबाईनं मान भिंतीकडं वळवली. सुनेसमोर हे कसलं विचारणं!

"झालं का आत्याबाई?" फुलानं विचारलं.

"व्हतंय की."

खरं तर शनिवारपासून झालं नव्हतं. वाडीतल्या बायका उजाडायच्या आत वेगवेगळ्या वाटेनं बाहेर जायच्या. कोण गेलं, कोण जाऊन तशीच परत आली, याची चौकशी कोण करणार? पण फुलाला शंका आलीच. संध्याकाळी तिनं वाटीभर एरंडेल कोमट करून सासूचं नाक दाबून पाजलं. "पोट साफ झालं का सगळं थांबंल," असं म्हणत पाजलं. म्हातारी नको नको म्हणत होती. फुलानं मायेनंच पाजलं होतं ते. पुढं किती दिवस ती वाटी घासताना तिचा हात थांबायचा.

एरंडेल पोटात राहिलं नाही. जे आलं ते हिरवं होतं.

बुधवारी नाक्यावरच्या डॉक्टरकडं नेलं. मंगळूनं पाठीवर घेऊन डांबरीपर्यंत आणलं, मग जीप. दवाखान्यात बाकं भरून माणसं भिंतीला टेकलेली. सगळ्यांचे पाय चिखलाचे, म्हणून कंपाउंडर आधीच चिडलेला.

"काय होतंय?" त्यानं विचारलं.

"पोट दुखतंय, उलट्या होत्यात," फुला म्हणाली. "आन् गुडघा—"

"एका वेळी एकच सांगा, बाई. बाहेर लाइन बघा किती हाय. पोट का गुडघा?"

फुलानं क्षणभर विचार केला. "पोट," ती म्हणाली.

डॉक्टरांनी भागीबाईला न झोपवता, बसल्या बसल्याच लुगड्यावरून पोट दाबलं. गॅस झालाय म्हणाले. एक सुई, एक सलाईन, चार रंगांच्या गोळ्या. सलाईन चढल्यावर म्हातारीला तरतरी आली. जीपमध्ये ती म्हणाली, "मंगळू, चिखलणी झाली का आपली?"

"झाली. उद्या मानसं येतील."

"मग मला कशाला घिऊन फिरतोस? वाफ्यातलं आवण म्हातारं व्हायला लागलंय. माझं काय, मी झालेलीच हाय."

त्या बोलण्यावर मंगळू हसला, फुला हसली, जीपमधली अनोळखी बाईही हसली.

गुरुवारी सकाळी भागीबाईचं पोट ढोलकीसारखं तट्ट फुगलं होतं आणि उलटीला असा वास येत होता, की फुलानं ती राखेनं झाकली तरी घरातून जाईना. ती मंगळूला म्हणाली, "आवो, ह्यो वास वरच्या वाटंचा नाय. नाशकाला न्यायला पायजे."

बाहेर सावडीची माणसं घोंगते घेऊन ओट्यावर जमायला लागली होती. मंगळू एकदा आईकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिला. शेवटी कारभारीच आत डोकावला, नाकाला धोतराचा सोगा लावून मागं झाला आणि म्हणाला, "जा तू. वाडी काय पळून चालली का? तू परत आला का धरू तुजी पाळी." मग बाकीच्यांकडं वळून ओरडला, "चला रं, आज गेणूच्या खाचरात!"

नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना आधी कुठं जायचं तेच समजेना. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, तिथून कागद, कागदावरून फोटो. उभ्यानं पोटाचा फोटो काढायचा तर म्हातारी उभी राहीना. दोघांनी काखेत धरून उभी केली. फोटो घेऊन एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, सरिता मॅडम म्हणत होते सगळे त्यांना. सडपातळ, डोळ्यांखाली काळं, केस रबरानं कसेबसे बांधलेले.

"आतडं कुठंतरी अडकलंय," त्या म्हणाल्या. "कुठं ते यात दिसत नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय का आधी कधी?"

"नाय."

"जांघेत गाठ येते का? फुगवटा?"

"नाय," भागीबाई म्हणाली.

"मला बघावं लागेल, आजी."

भागीबाईनं दोन्ही मुठींनी नेसण धरली. चार दिवसांत अंगातली सगळी शक्ती गेली होती, ती त्या मुठींत उरली होती. सिस्टरनं पडदा ओढला. मंगळू बाहेर गेला. फुलानं सासूची बोटं एकेक करून सोडवली. तीस वर्षं एका घरात राहून तिनं सासूच्या पिंढऱ्यांच्या वर कधी काही पाहिलं नव्हतं, आता पाहावं लागलं. हाडं आणि त्यावर ओल्या कागदासारखी कातडी. फुलानं मान फिरवली.

"गाठ नाही," मॅडम पुटपुटल्या. मग त्यांनी उजवा पाय सरळ करून बाहेरच्या बाजूला नेला, आणि भागीबाई अशी ओरडली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"तो गुडघा दुखतो त्यांचा," फुला घाईघाईनं म्हणाली. "पण ते वेगळं हाय, मॅडम. ते जुनं हाय. पोटाचं वेगळं, गुडघ्याचं वेगळं."

मॅडमचा हात तसाच राहिला. "जुनं म्हणजे कधीपासून?"

"संक्रांतीपास्नं. येतं आन् जातं."

"मांडीच्या आतून कळ येते? गुडघ्यापर्यंत?"

"व्हय."

"आणि गुडघा दुखतो तेव्हा पोटही दुखतं का?"

फुलाला संक्रांत आठवली, तिळाची पोळी तशीच टाकून पडलेली सासू. शिमगा आठवला, तेव्हाही निरगुडी बांधलेली आणि जेवणही नको झालेलं. प्रत्येक वेळी दोन्ही होतं. दोन्ही तिच्याच डोळ्यांसमोर होतं. पण पोटाला ओवा दिला होता आणि गुडघ्याला पाला, आणि दोन दुखण्यांची एकमेकांशी गाठ घालून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"व्हय," ती हळू म्हणाली.

"वाकलं, पाय पोटाशी घेतले, की बरं वाटतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मॅडम भराभर बाहेर गेल्या आणि पिकल्या मिशांच्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. दोघं इंग्रजीत बोलले. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजा घालून आतून तपासलं. त्या वेळी भागीबाई ओरडलीही नाही, फक्त फुलाकडं बघत राहिली. ती नजर फुलाला सोसवेना.

मग मॅडमनी मंगळूला आत बोलावून कागदावर कंबरेचं हाड काढून दाखवलं. "इथं हाडात एक छोटं भोक असतं, सगळ्यांनाच. त्यातून पायाची एक नस जाते. तरुणपणी तिथं चरबीचं बूच असतं. म्हातारपणी, अशा वाळलेल्या बायकांमध्ये, ते जातं. मग आतडं त्यात शिरतं आणि अडकतं. नस दाबली जाते, ती गुडघ्याकडं जाणारी, म्हणून गुडघा दुखतो. हा हर्नियाच आहे, पण खोल. बाहेरून गाठ दिसतच नाही. फार कमी लोकांना होतो. बहुतेक वेळा पोट उघडल्यावरच कळतं."

"एवढे दिस शिरायचं आन् निघायचं?" मंगळूनं विचारलं.

"हो. या वेळी निघालं नाही. सोमवारी आणलं असतं तर..." त्यांनी पेन उचललं. "घरी काय काय दिलं?"

मंगळूनं फुलाकडं पाहिलं. फुला म्हणाली, "एरंडेल पाजलं. मी." मग सगळं सांगूनच टाकलं, तांब्या, निरगुडी, चार रंगांच्या गोळ्या. तिला वाटलं आता मॅडम ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

"आजच ऑपरेशन करावं लागेल. वय बघता खात्री देता येत नाही. नाही केलं तर मात्र दोन दिवससुद्धा नाहीत."

भागीबाई खाटेवरून म्हणाली, "मला फाडू नको, मंगळू. घरी ने."

मंगळूचा अंगठा शाई लावून कागदावर अधांतरी राहिला. साठ किलोचं पोतं एका दमात उचलणारा माणूस, पण तेवढं अंतर त्याला खाली येता येईना. फुलानं त्याचं मनगट धरलं आणि अंगठा टेकवला. दाबला कुणी, तिनं की त्यानं, हे दोघांनीही नंतर एकमेकांना कधी विचारलं नाही.

चार वाजता आत नेलं. सहाच्या सुमाराला मॅडम स्टीलचा ट्रे घेऊन दारात आल्या, नातेवाइकांना दाखवायची तिथली पद्धत होती. ट्रेमध्ये वीतभर आतडं होतं, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं काळंजांभळं. "एवढा भाग मेला होता. काढून दोन टोकं जोडली. भोक शिवलंय."

"केवढं व्हतं भोक?" फुलानं विचारलं.

मॅडमनी करंगळीचं टोक दाखवलं.

शुक्रवारी भागीबाई डोळे उघडून बघत होती. नाकात नळी, हातात सुई, पोटावर पट्टी. गुडघा दुखायचा साफ थांबला होता. तिनं पाय लांब करून बघितला आणि फुलाला खुणेनं दाखवला. मंगळूला एवढं पुरलं. तो शनिवारी पहाटेच्या गाडीनं वाडीला गेला. वाफ्यातली रोपं ताडमाड झाली होती, वाडी त्याच्यासाठी आणखी किती थांबणार? जाताना आईच्या पायाला हात लावून गेला, आणि फुलाकडं न बघता म्हणाला, "दोन दिसांत येतो."

फुला उरली. खाटेशेजारी फरशीवर तिची जागा होती. पलीकडच्या खाटेवरच्या बाईची बहीण, लंकाबाई, दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत काम करणारी, तिला वॉर्डातले कायदे शिकवायची. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. पोटातला वारा सरला, की मग पाणी, मग चहा, मग पेज. वारा सरला म्हणजे आतडं जागं झालं.

त्यामुळं त्या वॉर्डात सकाळी कुणी कुणाला बरं आहे का, असं विचारत नसे.

"वारा सरला का हो आजींचा?"

"नाय अजून. तुमच्या बहिणीचा?"

"पहाटंच! दोनदा!" लंकाबाई लग्न ठरल्यासारखं सांगायची.

भागीबाईला या सगळ्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. पण तहान लाजेपेक्षा मोठी निघाली. "च्या दे गं फुले," ती नळीच्या बाजूनं म्हणायची. "घोटभर. गोड च्या." फुला ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवायची, तर म्हातारी तो कापूसच दातात धरून चोखायला बघायची, आणि फुलाला तो ओढून काढावा लागायचा. दिवसातून वीस वेळा. वाडीत कुणाचं वासरू गाईच्या आचळापासून तोडताना सुद्धा तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

रविवारी राउंडला मॅडमनी विचारलं, "आजी, गॅस पास झाला?"

"सरला," भागीबाई म्हणाली. ठासून म्हणाली. आणि तिनं फुलाकडं असं बघितलं, की आता तू काही बोलू नकोस.

मॅडमनी कानातली नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "आजी खोटं बोलतायत." सगळा वॉर्ड हसला. भागीबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. मॅडमही हसल्या होत्या, पण पोटावरचा हात उचलताना त्यांचं हसू उरलेलं नव्हतं. जाताना त्यांनी म्हातारीचं कपाळ चाचपलं.

त्या दिवशी दुपारी ताप भरला. सोमवारी पट्टीच्या कडेनं पिवळं-हिरवं पाणी झिरपलं. लुगड्याला तोच वास आला, जो फुलानं घरी राखेनं झाकला होता. मोठे डॉक्टर आले, उभ्या उभ्या बघितलं, मॅडमशी दोन शब्द बोलले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

"जोड सुटलाय," मॅडम फुलाला जिन्याशी घेऊन म्हणाल्या. "आतलं पोटात पसरलंय. परत उघडायला पाहिजे, पण टेबलावरच जातील त्या. आम्ही इंजेक्शनं चालू ठेवतो."

फुलाला सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "बरं." वाडीत एकच फोन, तोही ग्रामपंचायतीत. लंकाबाईनं नंबर लावून दिला. घंटा वाजत राहिली. आवणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीत कोण बसणार? पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

मंगळवारी सकाळी भागीबाई स्वच्छ डोळ्यांनी बघत होती. हात गार होते. मॅडम आल्या, खाटेशी वाकल्या, आणि नाकातली नळी हळूच काढून टाकली. मग फुलाला म्हणाल्या, "त्या मागत होत्या ना काहीतरी? द्या."

"पाणी?"

"द्या."

फुलानं पेला उचलला. "मॅडम, वारा सरला का मग?"

मॅडम नळी गुंडाळत राहिल्या.

"च्या दिऊ का? च्या मागत्यात."

"द्या."

"दुधाचा?"

"द्या."

"साखर घालून?"

"जे मागतील ते द्या, मावशी. आता कशाला नाही म्हणू नका."

तेव्हा फुलाला कळलं. ती दोन पावलं गेली होती, पेला विसळायला, तिथंच उभी राहिली. मॅडम तिच्या खांद्याला हात लावून गेल्या. त्यांच्या हाताला सगळ्या वॉर्डाचा वास होता.

फुला तीन जिने उतरली. टपरीवर गर्दी होती. तिनं कुणाला ढकललं नाही. आपली पाळी आल्यावर पेल्यात चहा घेतला, पदरात धरून तीन जिने चढली आणि सासूला कुशीत घेऊन टेकवून बसवलं. म्हातारीचं वजन काहीच नव्हतं. बशीत चहा ओतून, फुंकर मारून, तिनं चमचा ओठांशी नेला.

भागीबाईनं घोट तोंडात धरला. डोळे मिटले. बराच वेळ गिळला नाही. मग गिळला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.

लंकाबाईनं आपल्या पिशवीतली साखरेची पुडी पुढं केली. फुलानं ती सगळी बशीत उपडी केली, बोटानं ढवळली, आणि दुसरा चमचा भरून फुंकायला लागली. तिला फुंकायला वेळ लागत होता, ओठ जुळत नव्हते. भागीबाई तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.